पासंग

डिचोलीच्या बाजारात, पुंडलिक शेटच्या दुकानी
सोळा वर्षं मी कडधान्य तोलते.
मूग, मसूर, वाल, आणि आमचे अळसांदे,
चतुर्थीच्या आठवड्यात ज्यांचा भाव विचारून
माणसं नुसतीच पुढं जातात.

माझी मैथिली लोखंड तोलते.
म्हणजे उचलते.
पंचावन्न किलोची पोर, सत्तर किलो डोक्यावर.

नऊ वर्षांची असताना, बुधवारी,
दोरीत ओवलेल्या कुर्ल्यांमधली एक
डोळ्यांच्या काड्या रोखून तिच्याकडं बघत राहिली.
त्या दिवसापासून नुस्तं बंद.
बाप म्हणाला, चार दिवसांचं खूळ.
आठ वर्षं झाली.
तो अजून बांगड्याचा तुकडा तिच्या ताटात वाढतो,
ती तो उचलून त्याच्या शितावर ठेवते,
दोघंही काही बोलत नाहीत.

गेल्या मार्चात, सरावाला,
बार खांद्यापर्यंत आला आणि तिचे डोळे पांढरे झाले.
लोखंड पडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता,
पण तेव्हापासून दुकानात पोतं आपटलं तरी दचकते.
इनासियो सर बाजूला घेऊन म्हणाले,
बाई, निदान अंडं तरी.
तिनं लांबूनच मान हलवली.
सरांनी उसासा टाकला, कागद मागितला.
पंचावन्नाला अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, रोज.
आणि भात पोटभर,
नाहीतर खाल्लेली डाळ सरपण म्हणून जळून जाते.
हे वाक्य मला कळलं.
बाकीचं मी तोलून घेतलं.

शंभर ग्रॅम अळसांद्यात चोवीस,
शेंगदाण्यात पंचवीस, नाचणीत सात,
ताकात जवळजवळ काही नाही, तरी ते पोटाला बरं.
वीजबिलाच्या पाठीवर मांडत गेले, मग तिची जुनी वही घेतली.
सकाळी नाचणीचं तिजान, गूळ घालून.
दहाला पोदेराचा उंडा आणि वाटाण्याची पातळ भाजी.
दुपारी उकडा भात, त्यावर तोणाक, पळीनं नाही, वाटीनं.
पहिले पंधरा दिवस घरात नुसता वायू.
बाप बाल्कनीत जेवायला लागला.
मग मी भिजवणीचं पाणी फेकायला शिकले,
मोड येईपर्यंत धीर धरायला शिकले.
अळमीचा भाव ऐकून हसले आणि
सोयाबीनच्या वड्या घेतल्या,
ज्यांना तो अजून स्पंज म्हणतो.

तरी रात्री बेरीज केली की नऊ ग्रॅम कमी.
नऊ ग्रॅम!
शेटच्या जुन्या तराजूत एवढ्यानं काटा हलत नाही.
तो तराजू आता खुंटीला आहे,
एका पारड्याखाली पासंगाचा खडा अजून बांधलेला.
त्याचं वजन कुणी कधी हिशेबात धरलं नाही.
शेटनं काजूचे तुकडे दिले, पगारातून कापून.
नऊ भरले.

जूनमध्ये तिनं पंचाहत्तर उचलले.
बापानं ट्रकच्या काचेवर आकडा लिहिला, बोटानं, धुळीत.

काल वही उघडली तर
तिच्या अक्षरात एक नवं पान.
आई.
सकाळ : चहा, अर्धा उंडा.
दुपार : पेज, मिठातलं तोर.
रात्र : उरलेलं.
'उरलेलं'च्या पुढं प्रश्नचिन्ह.
बेरीज एकतीस. खाली, लाल शाईत : पन्नास हवेत.
आणि बाजूला, घाईघाईत :
शेटची पोती तू उतरवतेस, ते वजन नाही?

मी म्हटलं, माझं काय गं,
मला कुठं मेडल घ्यायचंय.
ती काही बोलली नाही.
सगळ्यांच्या आधी माझं ताट घेतलं,
तोणाक वाढलं, वाटीनं,
आणि समोर बसून राहिली, सर बसतात तशी.

रोज रांधते, पण
हे इतकं गरम मी कधी खाल्लंच नव्हतं.
गरम असताना मीठ जास्त लागतं,
मला ठाऊक नव्हतं.